लेझर कटरची जाहिरात कशी वाचावी: काय, कुठे, कशावर, कितीदा

‘४० वॉट पॉवर. २० मिमीपर्यंत लाकूड एका पासमध्ये. अचूकता ०.०१ मिमी. डोळ्यांना पूर्ण सुरक्षित.’

हौशी कामासाठीच्या लेझर कटरचं कुठलंही विक्री-पान उघडा, साधारण याच धर्तीच्या चार ओळी दिसतील. आधी विश्वास बसत नाही आणि मग हळूहळू बसतो, कारण आकडे दिलेत ना! आकडा आला की वाक्याला आपोआप शास्त्राचा वास येतो.

आज या चार ओळींची चिरफाड करू. कारणं दोन. पहिलं अगदी व्यवहारातलं. पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या वर्षातच गाईड तुम्हाला ‘तीन कोटेशन्स आण आणि तुलनात्मक तक्ता कर’ म्हणतात, आणि तो तक्ता विक्रेत्यांच्या आकड्यांवरच उभा राहतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जाहिरातीतला आकडा आणि शोधनिबंधातला आकडा तपासायची पद्धत एकच आहे. चार प्रश्न विचारायचे: काय मोजलं, कुठे मोजलं, कशावर मोजलं, कितीदा मोजलं.

हवेत बोलायला नको म्हणून एक गिऱ्हाईक डोळ्यांसमोर धरू. समजा मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे धरणाच्या बाजूला एक माध्यमिक शाळा आहे. २०१६ पासून चालू असलेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अशा प्रयोगशाळा उभ्या राहतात, तशी तिथेही आहे. थ्री-डी प्रिंटर आलाय, आता लेझर कटर घ्यायचाय. पैसे एकदाच मिळणार. चुकीचं मशिन आलं तर ते पुढची दहा वर्षं कोपऱ्यात चादर पांघरून बसणार. आणि मशिन बरोबर पण लावणी चुकीची असेल, तर प्रश्न पैशांचा राहत नाही, सातवीतल्या एखाद्या मुलीच्या डोळ्याचा होतो.

४० वॉट, पण कशाचे?

स्वस्त मशिन्समध्ये निळा डायोड लेझर असतो. त्यावर ‘४० वॉट’ लिहिलेलं दिसलं की विचारा, हे वॉट विजेचे की प्रकाशाचे? १२ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअरचा ॲडॅप्टर घ्या, गुणाकार करा: ४२ वॉट. ही झाली मशिनमध्ये शिरणारी वीज. त्यातली बरीचशी डायोड तापण्यात, पंख्यात आणि मोटारींत जाते. लाकडावर पडणारा प्रकाश उरतो पाचेक वॉट. बाजारात अशी मशिन्स अनेक वर्षं ‘४० वॉट’ म्हणूनच विकली गेली. कुणी खोटं बोललं का? शब्दशः नाही. ते ४० वॉट आहेतच, फक्त ते कापत नाहीत.

याची पडताळणी विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता करता येते. हौशी मशिनमधल्या एका निळ्या डायोडमधून साधारण ५ ते ६ वॉट प्रकाश मिळतो. १० वॉट हवे तर दोन डायोडचे किरण एकत्र आणावे लागतात, २० हवे तर चार. म्हणून एकच प्रश्न विचारा: ‘आत डायोड किती?’ एकच डायोड आणि ४० वॉट, असं उत्तर आलं की तुलनात्मक तक्त्यातला तो रकाना तिथेच संपला. संशोधनात याला स्वतंत्र पडताळणी म्हणतात. दावा करणाऱ्याच्या मापाने दावा मोजायचा नाही, दुसऱ्या बाजूने यायचं. आणि किरण वाढले की ठिपका थोडा मोठा होतो, हेही लक्षात ठेवा. जास्त वॉट म्हणजे जास्त बारीक काम, असं नाही.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूची काचेची नळी असलेलं मशिन. यातलं सगळ्यात प्रसिद्ध स्वस्त मशिन ‘के-४०’ या नावाने ओळखलं जातं. नावातच ४० वॉट आहेत. त्यातली नळी साधारण ७० सेंटिमीटर लांब असते, आणि तेवढ्या नळीतून आरामात निघणारी शक्ती ३० ते ३५ वॉट धरली जाते. करंट वाढवून ती वर ओढता येते, पण मग नळीचं आयुष्य घटतं. आता त्याच पानावर खाली ‘नळीचं आयुष्य इतके हजार तास’ असंही लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, पण शक्तीचा आकडा जास्त करंटवर मोजलेला आणि आयुष्याचा कमी करंटवर. दोन खरी विधानं, पण एकाच वेळी खरी नाहीत! शोधनिबंध वाचताना हे डोक्यात ठेवा. ‘आमची पद्धत जास्त अचूक आहे’ आणि ‘आमची पद्धत जास्त वेगवान आहे’ ही दोन वाक्यं एकाच सेटिंगवरची आहेत का, ते बघा.

वॉटपेक्षा मोठा प्रश्न: तरंगलांबी

या वायूच्या लेझरशी आपल्या जिल्ह्याचं नातं आहे. तो शोधणारे कुमार पटेल, म्हणजे सी. के. एन. पटेल, यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी, पुढे स्टॅनफर्डला पीएचडी, आणि बेल लॅब्जमध्ये असताना १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेझर. कार्बन डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन आणि हेलियम मिसळलं की शक्ती कित्येक पटींनी वाढते, हे त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कामातूनच कळलं, आणि आजही या नळ्यांमध्ये त्याच तीन वायूंचं मिश्रण असतं.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे १०,६०० नॅनोमीटर. निळ्या डायोडची साधारण ४५० नॅनोमीटर. हा फरक वॉटच्या फरकापेक्षा जास्त निर्णायक आहे. पारदर्शक ॲक्रिलिक निळ्या प्रकाशालाही पारदर्शकच असतं, म्हणून डायोडचा किरण त्यातून आरपार जातो आणि खालचा टेबल जाळतो. वॉट वाढवून उपयोग नाही. १०.६ मायक्रोमीटरला तेच ॲक्रिलिक अपारदर्शक असतं, म्हणून वायूचा लेझर ते लोण्यासारखं कापतो. उलट, उघड्या धातूवरून हा वायूचा किरण बहुतांश परावर्तित होतो. ‘धातूवरही कोरतो’ असा दावा दिसला तर धातू नेमका कसा आहे ते विचारा. रंग चढवलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला असेल तर किरण रंग उडवतो, धातू कोरत नाही.

म्हणजे ‘किती वॉट?’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ‘मला कापायचंय काय?’ उपकरण आधी निवडून मग त्याला साजेसा संशोधन-प्रश्न शोधणारे विद्यार्थी तुम्हाला भेटतील. त्यांची हीच गत होते.

२० मिमी लाकूड, पण कुठलं?

सगळ्या जाहिरातींत मला सगळ्यात जास्त खटकतो तो मराठीतला ‘पर्यंत’. ‘२० मिमीपर्यंत’ म्हणजे एकदा, कुठेतरी, कशावर तरी २० मिमी कापलं गेलं. ते लाकूड बहुधा बाल्सा, बासवुड किंवा पॉलोनिया असतं. पॉलोनियाची घनता घनमीटरला ३०० किलोच्या आतबाहेर, बाल्साची त्याहून कमी. आपण शाळेत वापरणार एमडीएफ, त्याची साधारण ७००. शिवाय त्यात रेझिनचा गोंद. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या कमर्शियल प्लायमध्ये थरांमध्ये गोंद असतो, मधेच गाठ येते, मधेच पोकळी. त्याच शीटवर एक रेघ कापली जाते आणि शेजारची अडकते.

‘एका पासमध्ये’ हेही अर्धंच वाक्य आहे. वेग किती? मिनिटाला १०० मिमीने सरकत, कडा कोळसा करत कापलं, तरी तो एक पासच.

आता मुळशीची गोष्ट. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैमध्ये वर्गात ठेवलेली एमडीएफची शीट ओलावा धरते आणि फुगते. मार्चमध्ये जमवलेली सेटिंग जुलैत चालतीलच असं नाही. उत्पादकाने वातानुकूलित खोलीत, कोऱ्या कोरड्या लाकडावर काढलेला आकडा तुमच्या शाळेचा नव्हेच. वायूच्या नळीला तर आणखी एक अडचण. तिला पाण्याने थंड ठेवावं लागतं, आणि हौशी लोक बादलीत बर्फ टाकतात. दमट हवेत पाणी दवबिंदूच्या खाली गेलं की नळीवर बाहेरून थेंब जमतात. नळीला हजारो व्होल्ट जोडलेले असतात. पुढचं सांगायला नको. ‘शाळेचं अर्थिंग कुणी आणि कधी तपासलं?’ हा प्रश्न कुठल्याच विक्री-पानावर नसतो, म्हणून तो आपण विचारायचा.

०.०१ मिमी कुठून आलं?

हा आकडा मला आवडतो, कारण तो कागदावर काढून दाखवता येतो. नेहमीच्या स्टेपर मोटरला एका फेऱ्यात २०० पावलं असतात. ड्रायव्हर एका पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३,२०० सूक्ष्म पावलं. २० दात्यांची पुली, पट्ट्याचे दाते २ मिमी अंतरावर, म्हणजे एका फेऱ्याला पट्टा ४० मिमी सरकतो. ४० भागिले ३,२००: ०.०१२५ मिमी. झालं, ‘०.०१ मिमी अचूकता’!

पण ही अचूकता नव्हे. मशिनला जास्तीत जास्त किती बारीक हुकूम देता येतो, एवढंच यातून कळतं. डोकं खरंच तिथे पोचलं का, दहा वेळा सांगितल्यावर दहाही वेळा तिथेच पोचलं का, हे निराळे प्रश्न आहेत. सूक्ष्म विभेदन, अचूकता आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टी आहेत. पट्टा सैल असेल तर पहिली तशीच राहते आणि बाकीच्या दोन्ही जातात.

शिवाय किरणाची स्वतःची जाडी असते. कापताना लाकडाचा एक पट्टा जळून जातो. तो मोजायची साधी रीत अशी: १०० मिमी रुंदीत १० मिमी अंतरावर अकरा रेघा कापा. दहा पट्ट्या मिळतील. त्या चिकटून ठेवा आणि एकूण रुंदी व्हर्नियरने मोजा. समजा ९८ मिमी भरली. गेले २ मिमी, दहा पट्ट्यांत वाटले: दर रेघेला ०.२ मिमी. एकच पट्टी मोजली असती तर व्हर्नियर धरण्यातली चूक सगळी त्या आकड्यात आली असती. दहांची मिळून मोजली म्हणून ती दहात वाटली गेली. आता बघा, जळणारी रेघच ०.२ मिमीची, म्हणजे जाहिरातीतल्या अचूकतेच्या वीसपट. आणि साध्या व्हर्नियरचं लघुतम माप ०.०२ मिमी. जो दावा गिऱ्हाइकाच्या हातातल्या साधनाने खोटा ठरवताच येत नाही, तो करायला कुणाचं काय जातं?

वेगाचंही तसंच. ‘मिनिटाला ३०,००० मिमी’ म्हणजे सेकंदाला ५०० मिमी. डोकं सेकंदाला ३,००० मिमी प्रतिसेकंद या दराने वेग घेतं असं धरलं, तर ५०० गाठायला जवळजवळ ४२ मिमी धावपट्टी लागते, आणि थांबायला तेवढीच. मुलं कापणार २० मिमीचं गियर. तो वेग त्या गियरवर कधीच येणार नाही.

‘डोळ्यांना सुरक्षित’

इथे मात्र माझा सूर बदलतो. आधीच्या तीन ओळींत पैसे जातात. इथे दृष्टी जाते.

लेझरच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अर्ध्या वॉटच्या वरचा सलग किरण चौथ्या, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात येतो. ५ वॉटचा उघड्या सांगाड्याचा डायोड कटर त्याच्या दहापट आहे. निळा प्रकाश बुबुळातून आत जाऊन थेट दृष्टिपटलावर केंद्रित होतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि तोवर उशीर झालेला असतो. थेट किरणच हवा असंही नाही, चकचकीत बिल्ल्यावरून उसळलेला पुरतो.

मशिनबरोबर एक हिरवा किंवा नारिंगी चष्मा ‘फुकट’ येतो. त्यावर तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटी छापलेली आहे का बघा. डेन्सिटी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो: १० वॉटचा १ मिलिवॉट. ४५० नॅनोमीटरला ही डेन्सिटी किती, हे छापलेलं नसेल तर तो रंगीत गॉगल आहे, बाकी काही नाही. आणि चष्मा एक, मुलं चाळीस. म्हणून शाळेसाठी उघडं मशिन नकोच. झाकण उघडताच किरण बंद पाडणारी खटकी असलेलं पूर्ण बंद मशिनच हवं. ‘पहिला वर्ग’ अशी नोंद असेल तर ती झाकण लावलेल्या अख्ख्या मशिनची असते. लांब फळी घालायला मागची फट उघडली की ती नोंद संपली.

धुराचं कलम जाहिरातीत नसतंच. एमडीएफच्या धुरात गोंदाचा फॉर्मल्डिहाइड असतो. तो पाइपने खिडकीबाहेर, माणसांपासून दूर काढायचा. आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: सनबोर्ड, रेक्झिन, फ्लेक्स मशिनमध्ये घालायचे नाहीत. प्रकल्पांची मॉडेलं करायला मुलं सर्रास सनबोर्ड आणतात. तो बहुतेक वेळा पीव्हीसी असतो. जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसंही खातो आणि मशिनचे रूळही. ‘सर्व प्लॅस्टिकवर चालतं’ असं कुणी लिहिलं असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

व्हिडिओतले रिव्ह्यू

‘मग आम्ही रिव्ह्यू बघतो ना’ असं तुम्ही म्हणाल. बघा, जरूर. पण मशिन विकत घेतलं की कंपनीने पाठवलं, हे आधी बघा. फुकट मशिन मिळालेला माणूस खोटं बोलतो असं नाही. पण वाईट बोलणाऱ्याला पुढचं मशिन येत नाही, त्यामुळे कालांतराने चांगलं बोलणारेच उरतात. हा निवडीतला दोष आहे, माणसाच्या नीतीतला नव्हे. दुसरं म्हणजे, व्हिडिओत सफाईने कापलेला तुकडा दिसतो. त्याआधी फुकट गेलेले सहा दिसत नाहीत. प्रकाशित न झालेल्या प्रयोगांचा ढीग कुठे असतो, हे संशोधनात शिरल्यावर तुम्हाला कळेलच.

मग शाळेने काय करावं?

माझं मत स्पष्ट आहे: लगेच विकत घेऊ नये. सहा महिने जॉब वर्क करून घ्यावं. पुण्यात डीएक्सएफ फाइल दिली की लेझरने कापून देणारी दुकानं आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली एमआयटीच्या साथीने फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. एक मशिन अनेकांनी मिळून वापरायचं, हाच फॅब लॅबचा पाया आहे. या सहा महिन्यांत एक वही ठेवायची: काय कापलं, कुठल्या मटेरियलचं, किती जाड, किती वेळ लागला, किती पैसे गेले.

वहीत कागद, पुठ्ठा आणि ३ मिमी एमडीएफच भरलं असेल तर पूर्ण बंद खोक्यातला, १० वॉट प्रकाशाचा डायोड कटर पुरे. पारदर्शक ॲक्रिलिक वारंवार आलं असेल तर वायूची नळी, आणि मग अर्थिंग, पाणी, धूर आणि ‘नळी फुटली तर पौडपर्यंत नवी कोण, किती दिवसांत पोचवणार’ याचं लेखी उत्तर. वही रिकामी राहिली तर मशिनचीच गरज नव्हती, आणि तेही उत्तरच आहे.

घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याकडे आपली शीट घेऊन जा. त्याच्या नमुन्यावर नको, आपल्या पावसाळी एमडीएफवर, तीन वेगवेगळ्या शीटांवर, वरची दहा पट्ट्यांची चाचणी करा. अर्धा तास मशिन चालवून तापू द्या आणि पुन्हा करा. सगळे आकडे लिहा, फसलेलेही. जो विक्रेता हे करू देत नाही, त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असलं तरी तक्त्यात शेवटी ठेवा.

आणि आता तुमच्यासाठी काम. संशोधनाचा जो आराखडा तुम्ही मुलाखतीसाठी लिहिताय, तो काढा. त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा: काय, कुठे, कशावर, कितीदा. जिथे चारपैकी एकही उत्तर लिहिता येत नाही, तिथे तुम्ही संशोधन लिहिलेलं नाही, जाहिरात लिहिली आहे. मुलाखतीला बसलेल्या माणसाच्या हे लक्षात येण्याआधी तुमच्या लक्षात आलेलं बरं.